आबे फारिया : निद्रेचे कारण शोधणारा गोमंतकीय

अलेक्झांडर द्यूमा या फ्रेंच कादंबरीकाराची ‘काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’ ही कादंबरी संक्षिप्त रूपात का होईना, आपल्यापैकी पुष्कळांनी वाचलेली असेल. समुद्रातील खडकावरच्या तुरुंगात खितपत पडलेल्या तरुण एदमाँला त्याच तुरुंगातील एक वृद्ध धर्मगुरू भेटतो, त्याला अनेक विद्या शिकवितो आणि अखेरीस गुप्त खजिन्याचा ठावठिकाणा सांगून मरण पावतो. त्या वृद्धाचे नाव आबे फारिया. १८४४ ते १८४६ या काळात क्रमशः प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीत द्यूमाने फारियाला इटालियन ठरविले आहे. परंतु हे नाव ज्यांच्यावरून घेतले, ते गृहस्थ इटलीचे नव्हते. ते गोव्यातील बार्देश महालाचे, कांदोळी गावचे होते. त्यांची बोली कोंकणी होती आणि त्यांच्या पूर्वजांपैकी आंतू शेणय नावाचे सारस्वत गृहस्थ सोळाव्या शतकाच्या अखेरीस ख्रिस्ती झाले होते. कादंबरीतील फारियाने खजिना शोधला; खऱ्या फारियांनी ज्याचा शोध घेतला, ती वस्तू खजिन्याहून दुर्मीळ होती. मनाचा शरीरावर अंमल कसा चालतो, हा त्यांच्या शोधाचा विषय होता.

जुझे कुस्तोदिओ द फारिया यांचा जन्म मे १७५६ मध्ये कांदोळी येथे, आजोळी झाला. वडील काएतान वितोरिन द फारिया हे कोलवाळचे, आई रोजा मारिया द सौजा ही कांदोळीची. काएतान विवाहापूर्वी धर्मगुरू होण्यासाठी शिक्षण घेत होते. ते अर्ध्यावर सोडून त्यांनी संसार मांडला. परंतु पतिपत्नींचे जमले नाही. चर्चच्या अनुज्ञेने दोघे विभक्त झाली. पित्याने राहिलेले शिक्षण पुरे करून दीक्षा घेतली आणि माता जुन्या गोव्यातील सांता मोनिका या मठात जोगीण होऊन राहिली. घर मोडले आणि लहानगा जुझे पित्याच्या हाती राहिला. आई हयात असून तिच्या मायेला पारखे झालेल्या त्या मुलाच्या मनाला काय वाटले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

काएतान वितोरिन हे महत्त्वाकांक्षी पुरुष होते. त्या काळी एतद्देशीय धर्मगुरूला, तो कितीही विद्वान असला तरी, गोव्यातील वरिष्ठ पदे सहसा मिळत नसत. ती युरोपीयांकडे जात. पोर्तुगालच्या राजधानीत जाऊन राजाश्रय मिळविल्याखेरीज मुलाचे भाग्य उजळणार नाही, असे त्यांनी ठरविले. १७७१ मध्ये पिता-पुत्र गलबतावर चढले आणि आफ्रिकेला वळसा घालून, कित्येक महिन्यांच्या प्रवासानंतर, त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात लिस्बनला पोहोचले. जुझे तेव्हा पंधरा वर्षांचा होता. म्हणजे आपल्या शाळेतील नववी-दहावीच्या विद्यार्थ्याएवढा. पुढे तो गोव्यास परत आला नाही.

राजा जुझे पहिला याच्या अनुमतीने मुलाची रवानगी रोमला झाली. तेथे धर्मप्रसारासाठी चालविलेल्या विख्यात विद्यालयात आठ वर्षे अध्ययन करून, १७८० मध्ये फारियांनी धर्मदीक्षा घेतली आणि धर्मशास्त्रातील डॉक्टर ही पदवी संपादन केली. आपला प्रबंध त्यांनी पोर्तुगालची राणी मारिया पहिली आणि तिचा पती यांना अर्पण केला. अशा अर्पणपत्रिकांमागे पित्याची दूरदृष्टी असावी, असे मला वाटते. काएतान वितोरिन यांना दरबाराचे वारे चांगलेच कळत असे.

याच सुमारास घडलेली म्हणून सांगितली जाणारी एक आख्यायिका गोव्यातील घराघरांत ठाऊक आहे. राणीसमोर, राजवाड्यातील प्रार्थनामंदिरात प्रवचन करण्याचे निमंत्रण तरुण फारियांना आले. ते व्यासपीठावर चढले. खाली सारा दरबार बसलेला, झगझगीत पोशाख, रोखलेल्या नजरा. वक्त्याची वाचा बसली. पाठ केलेला एकही शब्द आठवेना. तेव्हा व्यासपीठाच्या पायथ्याशी बसलेल्या पित्याने हळूच कोंकणीत सांगितले की, ही समोरची सगळी नुसती भाजी आहे, खुशाल चिरत जा. लिस्बनच्या दरबारात ती भाषा दुसऱ्या कोणाला समजणार? फारियांना हसू आले की नाही कोण जाणे, परंतु त्यांची भीती तत्क्षणी पळाली आणि प्रवचन अस्खलित पार पडले. त्या वाक्यात चिरण्यासाठी जे कोंकणी क्रियापद आहे, ते आपल्या मराठी कात्रीचे सख्खे नातलग आहे. मातृभाषेतील दोन घरगुती शब्दांनी परक्या दरबाराचे दडपण कसे कातरून टाकले, हे यातून कोंकणी माणसाला विशेष गोड वाटते.

आख्यायिका म्हटली म्हणजे ती पुढे रंगविली गेली असणार. परंतु तिच्यात एक प्रश्न दडलेला आहे आणि फारियांनी आपले उत्तरायुष्य त्याच प्रश्नाच्या शोधात घालविले. समोरचे लोक तेच, मंदिर तेच, वक्ताही तोच. बदलली ती केवळ एक कल्पना. असे असता कोरडा पडलेला घसा ओला कशाने झाला आणि लटपटणारे पाय स्थिर कशाने झाले?

लिस्बनमधील सुखाचे दिवस फार टिकले नाहीत. एतद्देशीयांवरील अन्यायाने संतापलेल्या काही गोमंतकीय धर्मगुरूंनी आणि लष्करी अधिकाऱ्यांनी १७८७ मध्ये पोर्तुगीज सत्ता उलथून टाकण्याचा कट केला. कटाचे केंद्र कांदोळी येथील पिंटो घराण्याचे घर असल्याने इतिहासात त्याला पिंटोंचे बंड म्हणतात. कट फुटला. पकडलेल्यांपैकी पंधरा जणांना १७८८ मध्ये पणजीत अत्यंत क्रूरपणे देहान्त शासन झाले. कटातील प्रमुख धर्मगुरू पूर्वी लिस्बनला येऊन गेलेले होते आणि काएतान वितोरिन यांचा त्यांच्याशी निकट संबंध होता. साहजिकच संशयाची छाया पिता-पुत्रांवर पडली. १७८८ च्या वसंतात फारिया लिस्बन सोडून पॅरिसला निघून गेले.

पॅरिसला ते पोहोचले आणि वर्षभरात फ्रेंच राज्यक्रांती सुरू झाली. पोर्तुगीज राजसत्तेपासून पळालेला हा मनुष्य क्रांतीच्या वावटळीत सापडला. १७९५ च्या ऑक्टोबरात पॅरिसच्या नागरिकांनी तत्कालीन राज्यकर्त्या सभेविरुद्ध जो उठाव केला, त्यात एका तुकडीचे नेतृत्व फारियांनी केल्याचे चरित्रकार नमूद करतात. तो उठाव तोफा डागून मोडून काढणारा तरुण सेनाधिकारी म्हणजे नेपोलियन बोनापार्ट होय. मांडवीच्या काठचा धर्मगुरू आणि कॉर्सिकाचा तोफखान्याचा अधिकारी पॅरिसच्या रस्त्यात परस्परविरुद्ध बाजूंना उभे होते, ही गोष्ट कादंबरीत लिहिली असती तर ती कोणाला खरी वाटली नसती.

आता फारियांच्या मुख्य कार्याकडे वळावयाचे, तर प्रथम मेस्मर या वैद्याची ओळख करून घेतली पाहिजे. फ्रान्झ अँटन मेस्मर याने असे प्रतिपादन केले होते की, विश्वात एक अदृश्य चुंबकीय द्रव पसरलेला असून, शरीरातील त्याचा प्रवाह बिघडला की रोग उद्भवतो. रोग्याच्या अंगावरून विशिष्ट प्रकारे हात फिरवून हा प्रवाह पूर्ववत करता येतो, असा त्याचा दावा होता. पॅरिसमध्ये त्याच्याकडे रोग्यांची रीघ लागली. कोणाला झटके येत, कोणी मूर्च्छित पडे, कोणी बरे होऊन घरी जाई. तेव्हा १७८४ मध्ये राजाने एक चौकशी समिती नेमली. बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए हे तिचे सभासद होते. त्यांनी केलेला एक प्रयोग आजही मनोरंजक वाटतो. फ्रँकलिनच्या बागेतील एक झाड चुंबकित करण्यात आले आणि एका बारा वर्षांच्या मुलाचे डोळे बांधून त्याला एकामागून एक झाडांपाशी नेण्यात आले. मुलगा मूर्च्छा येऊन पडला खरा, पण भलत्याच झाडाशी! चुंबकित झाड तेथून दूर राहिले होते. समितीने निर्णय दिला की, चुंबकीय द्रव वगैरे काही नाही. जे घडते ते कल्पनेमुळे घडते.

समितीचे काम तेथे संपले. ‘केवळ कल्पना’ असे म्हणून विद्वानांनी दप्तर बांधून ठेवले. फारियांचे वेगळेपण असे की, त्यांचे काम तेथून सुरू झाले. केवळ कल्पनेने जर धडधाकट मुलगा मूर्च्छित होत असेल, तर ती कल्पना क्षुद्र कशी? तिच्या अंगी हे सामर्थ्य कोठून आले?

मेस्मरचा शिष्य मार्की द प्युइसेग्यूर याला असे आढळले होते की, या उपचाराने काही रोगी शांत निद्रेसारख्या अवस्थेत जातात आणि त्या अवस्थेत बोलतात, प्रश्नांची उत्तरे देतात. त्याच्याकडून फारियांनी ही विद्या घेतली. पुढे आपला ग्रंथही त्यालाच अर्पण केला. परंतु गुरूचा सिद्धान्त मात्र त्यांनी मान्य केला नाही. गुरूविषयी आदर आणि गुरूच्या मताविषयी शंका या दोन्ही गोष्टी एकाच मनात नांदू शकतात, याचे हे उत्तम उदाहरण होय. १८११ च्या सुमारास ते दक्षिण फ्रान्समध्ये तत्त्वज्ञानाचे अध्यापक होते आणि मार्सेय येथील वैद्यक मंडळाने त्यांना सभासद करून घेतले होते. १८१३ मध्ये पॅरिसला परत येऊन, क्लिशी रस्त्यावरील एका जागेत त्यांनी आपल्या सार्वजनिक व्याख्यानांना आणि प्रयोगांना आरंभ केला.

उंच बांधा, सावळा वर्ण, काळेभोर केस, अंगावर धर्मगुरूचा झगा, असे त्यांचे रूप होते. फ्रेंच भाषा त्यांना येत असली, तरी तिचे वळण जिभेवर पुरते बसलेले नव्हते. प्रयोगाची रीत अगदी साधी होती. लोखंडाच्या कांड्या नाहीत, पाण्याचे पिंप नाही, अंगावरून हात फिरविणे नाही. ज्याच्यावर प्रयोग करावयाचा त्याला आरामखुर्चीत बसवीत, डोळे मिटून केवळ निद्रेचा विचार करावयास सांगत आणि थोड्या वेळाने खणखणीत आवाजात झोपण्याची आज्ञा देत. एकदा, दोनदा, फार तर तीनदा. काही माणसे खरोखरच त्या विलक्षण निद्रेत जात, काही जात नसत. जे जात, त्यांना साधे पाणी मद्य म्हणून दिले तर त्यांची जीभ अडखळू लागे. जागे झाल्यावर अमुक गोष्ट करा असे निद्रेत सांगितले, तर जागेपणी ते ती करीत आणि आपण ती का केली, हे त्यांना सांगता येत नसे.

या साऱ्यातून फारियांनी काढलेला निष्कर्ष असा की, निद्रा प्रयोगकर्त्याकडून येत नाही. ती निद्रित होणाऱ्याच्या स्वतःच्या चित्तातून येते. प्रयोगकर्त्याच्या बोटांतून कसलाही द्रव वाहत नाही आणि त्याच्या इच्छाशक्तीलाही तेथे काम नाही. चित्ताचे अवधान एका कल्पनेवर एकवटले की शरीर त्या कल्पनेच्या मागे जाते. या अवस्थेला ते ‘स्वच्छ निद्रा’ अशा अर्थाचे फ्रेंच नाव देत. आजच्या भाषेत आपण तिला संमोहन म्हणतो आणि त्या आज्ञेला सूचना. चमत्काराचे श्रेय घेण्याची आयती संधी समोर असताना, माझ्यापाशी काहीही विशेष शक्ती नाही असे जाहीरपणे सांगणारा प्रयोगकर्ता विरळाच. माझ्या मते फारियांचा खरा मोठेपणा येथे आहे.

त्यांचे सगळेच म्हणणे बरोबर होते असे मात्र नाही. ज्यांचे रक्त पातळ, त्यांना ही निद्रा लवकर लागते, असे त्यांचे मत होते. ते आज कोणी मानीत नाही. त्यांची लेखनशैलीही क्लिष्ट आहे. तत्त्वज्ञान, धर्मशास्त्र आणि प्रयोग यांची सरमिसळ करीत ते लिहीत जातात, त्यामुळे वाचकाचा दम उखडतो.

व्याख्यानांना गर्दी होऊ लागली, तशी टवाळीही सुरू झाली. शातोब्रियाँ या नामवंत लेखकाने आपल्या आठवणींत एका मेजवानीची हकिकत दिली आहे. तीत पिंजऱ्यातील एका छोट्या पक्ष्यावर फारियांनी आपला प्रयोग करून पाहिला आणि पक्षीच वरचढ ठरला, असे त्याने खवचटपणे वर्णिले आहे. धर्मपीठाच्या अभिमान्यांना या प्रयोगांत सैतानाचा हात दिसू लागला. चुंबकवादी वैद्य रागावले, कारण फारिया त्यांच्या द्रवाचे अस्तित्वच नाकारीत होते. जे मुळातच कशावर विश्वास ठेवीत नव्हते, ते त्यांना भोंदू म्हणू लागले. अशा रीतीने तिन्ही बाजूंनी शत्रू उभे राहिले आणि बाजू घेण्यास कोणी उरले नाही. त्यातच एक नट प्रयोगास येऊन बसला. त्याने निद्रा आल्याचे सोंग केले आणि ऐन वेळी डोळे उघडून आपण फसविल्याचे सभेला ओरडून सांगितले. वर्तमानपत्रांना आयते खाद्य मिळाले. १८१६ मध्ये पॅरिसच्या एका नाट्यगृहात फारियांची थट्टा करणारे प्रहसन रंगभूमीवर आले आणि त्यातील धर्मगुरूची भूमिका पोतिए या लोकप्रिय विनोदी नटाने वठविली. सारे शहर हसले. साठ वर्षांचा परदेशी मनुष्य, सावळ्या वर्णाचा, अडखळत फ्रेंच बोलणारा. त्याची नक्कल करण्यास नटाला फार कष्ट पडले नसतील.

विद्यार्थिमित्रहो, येथे चरित्राचा धागा क्षणभर बाजूला ठेवून, फारियांच्या प्रश्नाचे पुढे काय झाले ते पाहू. कारण अपमान, भय, चिंता यांचा नित्य मारा झाला म्हणजे शरीरात आणि विशेषतः मेंदूत काय घडते, हे शास्त्राला आता बऱ्याच अंशी कळले आहे.

व्यासपीठावर उभ्या राहिलेल्या तरुण फारियांच्या शरीरात जे घडले, ते आधी घ्या. संकट दिसताच मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा भाग इशारा देतो. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी त्या इशाऱ्यासरशी ॲड्रिनॅलिन सोडतात. छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, स्नायूंकडे रक्त धावते. अमेरिकन शास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन याने याचे वर्णन विसाव्या शतकाच्या आरंभी केले. काही मिनिटांनी त्याच ग्रंथींतून कॉर्टिसॉल नावाचे दुसरे द्रव्य येते. ते शरीराला इंधन पुरविते आणि दाह आवरते. दाह म्हणजे जखम झाली असता ती जागा लाल होणे, सुजणे, ठणकणे. रोगजंतूंशी लढण्यासाठी रक्षक पेशी तेथे जमतात, त्याची ती खूण असते. लढाई हवी, पण ती आटोक्यात राहिली पाहिजे. ते आटोक्यात ठेवण्याचे काम कॉर्टिसॉल करते. संकट टळले की सारे पूर्ववत होते. अशा अल्पकाळच्या ताणाने निरोगी माणसाची सहसा हानी होत नाही.

परंतु ताण महिनोन्महिने, वर्षानुवर्षे टिकला तर? हान्स सेलिये या शास्त्रज्ञाने १९३६ मध्ये माँट्रियल येथे उंदरांना नाना प्रकारे छळून पाहिले. थंडी, इजा, अतिश्रम, विष, कारण कोणतेही असो, परिणाम सारखाच आढळला: अधिवृक्क ग्रंथी फुगलेल्या, रोगप्रतिकाराशी संबंधित ग्रंथी आक्रसलेल्या आणि जठरात व्रण. ताण हा शब्द आज ज्या अर्थाने आपण वापरतो, तो अर्थ सेलियेच्या संशोधनातून रूढ झाला. पुढील संशोधनात एक चमत्कारिक गोष्ट दिसून आली. कॉर्टिसॉल सतत वाहत राहिले की रक्षक पेशी त्याचे ऐकेनाशा होतात. घरात कोणी रात्रंदिवस ओरडत राहिले तर मुले जशी त्या आवाजाकडे लक्ष देईनाशी होतात, तसेच हे. मग दाह आवरणारा कोणी उरत नाही आणि बाहेर कोठेही जखम नसता, शरीरात मंद आचेवर दाह धुमसत राहतो.

हा धुमसणारा दाह मेंदूला सोडीत नाही. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या सूक्ष्म पेशी असतात. स्पेनचा शास्त्रज्ञ पिओ देल रिओ ओर्तेगा याने १९१९ च्या सुमारास त्या प्रथम स्पष्टपणे ओळखल्या. त्या मेंदूच्या पहारेकरी आणि झाडूवाल्या, दोन्ही होत. घाण उचलावी, मेलेल्या पेशी साफ कराव्या, जंतू आला तर त्याला गिळावे, हे त्यांचे काम. उंदरांवरील प्रयोगांत असे आढळले आहे की, दीर्घकाळ ताण दिला असता या पहारेकरी पेशी विनाकारण सावध होतात, दाहकारक द्रव्ये सोडू लागतात आणि पुढे लहानशा निमित्तानेही जरुरीपेक्षा जास्त पेटतात. स्मरणशक्तीशी निकट संबंध असलेला हिपोकॅम्पस हा मेंदूचा भाग अशा ताणाने विशेष बाधित होतो. तेथील चेतापेशींच्या फांद्या आखडतात. माणसांतही, तीव्र खिन्नतेने ग्रासलेल्या पुष्कळ रोग्यांच्या रक्तात दाहाची लक्षणे काहीशी वाढलेली आढळतात. सर्वांच्या नव्हे, म्हणून खिन्नतेचे हेच एकमेव कारण, असे म्हणता येत नाही. दीर्घकाळच्या ताणाचा रक्तवाहिन्यांवरही वाईट परिणाम होतो आणि पक्षाघाताचा संभव वाढतो, असे दिसून आले आहे.

परीक्षेच्या दिवसांत ज्यांची झोप उडते, त्यांच्यासाठी आणखी एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. अमेरिकेत ओहायो येथे, दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूला दोनदा अगदी लहान, सारखीच जखम करण्यात आली: एकदा सुटीत आणि एकदा परीक्षेच्या तोंडावर. विद्यार्थी तेच, जखम तेवढीच. परीक्षेच्या वेळची जखम भरून येण्यास सरासरी ४० टक्के अधिक काळ लागला. हा प्रयोग १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. येथे दाह वाढला नाही. उलट जखम भरण्यासाठी आरंभी जो दाह हवा, तोच मंदावला. म्हणजे ताणामुळे नको तेथे आग धुमसते आणि हवी तेथे चूल पेटत नाही. परीक्षा ही एक कल्पनाच नव्हे काय? टाळूच्या मांसाला तिची वार्ता कोणी दिली? फ्रँकलिनच्या बागेतील मुलाविषयी फारियांना पडलेला प्रश्न हाच होता. त्यांच्यापाशी सूक्ष्मदर्शक यंत्रे नव्हती, रक्ताच्या तपासण्या नव्हत्या, हार्मोन हा शब्दसुद्धा जन्मलेला नव्हता.

असो. प्रहसनानंतर फारियांची व्याख्याने ओस पडली. ते पॅरिसमधील मुलींच्या एका संस्थेत धर्मगुरूचे साधे काम पत्करून राहिले. प्रसिद्धी गेली, पैसा गेला, नाव चेष्टेचा विषय झाले. परंतु त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. या शेवटच्या तीन वर्षांत त्यांनी स्वच्छ निद्रेच्या कारणांवरील आपला ग्रंथ लिहावयास घेतला. त्याच्या मुखपृष्ठावर आपल्या नावापुढे त्यांनी स्वतःला ब्राह्मण म्हणविले आहे. एका ख्रिस्ती धर्मगुरूने, गोवा सोडल्यास जवळजवळ पन्नास वर्षे लोटल्यावर, फ्रेंच ग्रंथावर हा शब्द छापून घ्यावा, यात पूर्वजांचा अभिमान किती आणि हसणाऱ्या पॅरिसला दिलेले उत्तर किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. आरंभिलेल्या ग्रंथाचा पहिलाच खंड १८१९ मध्ये बाहेर पडला. त्याच वर्षी, २० सप्टेंबर रोजी, मेंदूतील आघाताने फारियांचा अंत झाला. मोंमार्त्र येथील दफनभूमीत त्यांना पुरले. कबरीवर नाव नाही.

वर्षानुवर्षांच्या अपमानाने त्यांच्या मेंदूतील रक्तवाहिनीवर घाला घातला, असे म्हणण्याचा मोह होतो. तेवढ्यासाठीच तो टाळला पाहिजे. वय त्रेसष्ट वर्षांचे होते आणि ताण हे अशा आघाताच्या अनेक कारणांपैकी एक असते. एका माणसाच्या बाबतीत, तेही दोनशे वर्षांनंतर, बोट ठेवून सांगता येत नाही. स्वतः फारियांनीही पुराव्यावाचून असे विधान केले नसते.

त्यांचे विचार मात्र त्या निनावी कबरीत राहिले नाहीत. त्यांचे प्रयोग पाहिलेला न्वाझे नावाचा एक सैनिकी अधिकारी आणि बर्त्रां नावाचा वैद्य यांनी ते पुढे नेले. १८४३ मध्ये इंग्लंडातील मँचेस्टरचे शस्त्रवैद्य जेम्स ब्रेड यांनी हिप्नॉटिझम हे नाव रूढ केले. आपल्याच देशात, हुगळी येथे, जेम्स एस्डेल या शस्त्रवैद्याने १८४५ पासून रोग्यांना अशा निद्रेत नेऊन मोठमोठ्या शस्त्रक्रिया केल्या. गुंगीच्या औषधांचा प्रसार तेव्हा व्हावयाचा होता. फ्रान्सच्या नान्सी नगरीतील लिएबो आणि बर्नहाइम या वैद्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सूचनेचा सिद्धान्त सर्वमान्य करून सोडला, आणि तो प्रथम सांगणारे फारियाच होत, हे बर्नहाइमने मान्य केले. १९०६ मध्ये डॉ. डी. जी. दालगाद या गोमंतकीय वैद्याने त्यांचे चरित्र फ्रेंच भाषेत लिहून प्रसिद्ध केले. पुढे पोर्तुगालचे मज्जातंतुशास्त्रज्ञ एगास मोनिज, ज्यांना १९४९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांनीही फारियांवर पुस्तक लिहिले. मडगावात त्यांच्या नावाचा रस्ता आहे. दुखण्याची वेदना कमी करण्यासाठी आणि पोटाच्या काही चिवट विकारांवर संमोहनाचा उपयोग आज वैद्य करतात.

सुरतेहून गोव्यास जाणाऱ्या आपल्या मंडळींनी पणजीत मांडवीकाठी, आदिलशहाच्या जुन्या वाड्याशेजारी असलेला फारियांचा पुतळा अवश्य पाहावा. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडविलेला हा पुतळा १९४५ मध्ये उभारण्यात आला. धर्मगुरूच्या झग्यातील फारिया दोन्ही हात पुढे पसरून वाकले आहेत आणि त्यांच्यासमोर एक स्त्री निद्रेच्या अधीन होऊन मागे कलली आहे. शिल्प जोरकस आहे. मात्र ते पाहताना एवढे ध्यानात असू द्यावे की, पसरलेल्या हातांतून काही वाहत जाते, हीच समजूत खोडून काढण्यात या माणसाची सहा वर्षे गेली. शिल्पकाराचाही नाइलाज असावा. कानात सांगितलेला शब्द ब्राँझमध्ये कसा ओतणार?